साम्राज्याच्या गळ्यात पावाचा हार

"हे साम्राज्य एका वर्षात भिकेला लावतो की नाही बघाच," एउलोहिओ म्हणाला. "आणि तेही एक दगड न उचलता!"

एवढं बोलून तो रुबाबात उठला, तर स्टूलही त्याच्याबरोबर उठलं. डोन्या इलारियानं सकाळीच स्टुलांना रंग दिला होता आणि गिऱ्हाइकांना सांगायचं विसरली होती. आमच्या गावाचा प्रमुख, ढुंगणाला निळं स्टूल चिकटवून, साम्राज्य बुडवायला निघाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मक्याची दारू, म्हणजे चिचा, तोवर बरीच पोटात गेली होती, आणि अशा वेळी कोल्केपाम्पात कुठलीही योजना चांगलीच वाटते.

साम्राज्य म्हणजे लहानसहान नाही. चाळीस हजार सूर्य त्यांच्या खिशात. ला पाझ, लिमा आणि उरलेली पृथ्वी त्यांनी एका दुपारी घेतली. आमच्याकडे तेव्हा ओरुरोची मॅच चालू होती, त्यामुळे आपण कुणाचे तरी झालो हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांना आमचा डोंगर हवा होता. तो डोंगर आधीच एका साम्राज्यानं आतून खाऊन झालेला. चांदी गेली, कथील गेलं, आमचे पणजोबा गेले, उरली ती लाल माती. पण ह्या नव्या लोकांची जहाजं म्हणे त्या मातीवरच चालायची. म्हणून त्यांनी आपला एक सुभेदार थेट आमच्या गावात आणून बसवला.

त्याचा हुद्दा होता 'साम्राज्याचा नववा हात'. आम्ही त्याला डॉन नोवेनो म्हणायचो, म्हणजे नववेसाहेब. विजेच्या खांबाएवढा उंच, प्रत्येक पायाला तीन गुडघे, मान लामासारखी पण दुप्पट, आणि तोंड छातीच्या खाली, शर्टाच्या काजाएवढं. बोलायचा तो गळ्यात अडकवलेल्या एका डबीतून. ती डबी आमची भाषा रेडिओवरच्या फुटबॉलच्या मॅचेस ऐकून शिकली होती. त्यामुळे डॉन नोवेनो खुर्चीवर बसला तरी डबी ओरडायची, "आणि बसला! काय सुरेख बसला!" हसू यायचं. पण तो कधी हसायचा नाही, आणि कधी काही विसरायचा नाही.

एउलोहिओची योजना अशी होती: ह्या वर्षी मामिताच्या, म्हणजे आमच्या देवीमातेच्या, उत्सवाचा प्रेस्ते डॉन नोवेनोला करायचा.

प्रेस्ते म्हणजे उत्सवाचा यजमान. गावाला खाऊ घालायचं, पाजायचं, बँड आणायचा, आतषबाजी करायची, सगळं त्याच्या अंगावर. मान मोठा, पण त्या मानानं भल्याभल्यांच्या माना मोडल्यात. औषधाच्या दुकानाचा मालक डॉन मेलितोन यजमान झाला, आता दुसऱ्याच्या दुकानात उभा राहून खोकल्याच्या गोळ्या मागतो. लुपेर्सिओच्या तीन बस होत्या. हल्ली तो पायी जातो, आणि बस दिसली की तोंड फिरवतो. खाणीचा परदेशी इंजिनियर तर उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी पळून गेला, चष्माही टाकून. तो चष्मा आता पाद्रीबाबा लावतात. त्यांना त्यातून काही दिसत नाही, पण दिसतो छान म्हणतात.

"तोफांनी जे जमलं नाही," एउलोहिओ स्टुलासकट गोल फिरत म्हणाला, "ते आपण बिअरनं करू! कोंपाद्रे निकानोर, मला सांग, आपल्या गावाएवढं पिणारं गाव चाळीस हजार सूर्यांखाली आहे का?"

"नाही," मी म्हणालो. मी बँडमध्ये तुबा वाजवतो, सगळ्यात मोठा पितळी भोंगा. पिण्याबद्दल मला विचारायला हरकत नाही.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "ह्या वर्षीची पाळी माझी आहे."

माझी बायको, साबिना. तिची आई प्रेस्ते व्हायचं म्हणत म्हणत वारली. साबिना त्या दिवसापासून तयारी करत होती. लामा वाढवले, मका साठवला, नाचासाठी जांभळा घागरा शिवून घेतला आणि तो कधीच घातला नाही. गेल्या उत्सवात पुढच्या वर्षी हार मी घेणार असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी प्यालेलं असतानाही ते ऐकलं होतं.

"साबिना, एक वर्ष थांब," एउलोहिओ म्हणाला. "देशासाठी!"

"देश तुझा, लामा माझे. आधी ते स्टूल काढ, मग देशाचं बोल."

"अगं, साम्राज्य गेलं की तुझीच पाळी. दुप्पट मान!"

साबिनानं माझ्याकडे बघितलं. मी मडक्यात बघितलं.

"बस इथेच, फुग्या," ती मला म्हणाली. "तुझ्या गालात जेवढी हवा आहे तेवढी छातीत असती तर!" आणि ती गेली. त्या उत्सवात ती घराबाहेरही पडली नाही. तीन दिवस दार लावून स्वतःचं सुकवलेल्या बटाट्याचं सूप प्यायली. साम्राज्याचा एक घाससुद्धा तिनं तोंडात घातला नाही. तेव्हा आम्हाला वाटलं, रुसलीय.

देवळाच्या अंगणात आम्ही पावाचा हार डॉन नोवेनोच्या गळ्यात घातला. दोरीत ओवलेले गोल पाव, पहाटेच्या प्रार्थनेत मंतरलेले. हार ज्याच्या गळ्यात तो यजमान. शिडी लावावी लागली. एउलोहिओ वर चढला, हार घातला, टोपी उडवली आणि शिडीवरून खाली ढोलावर पडला. ढोल फुटला.

"ही शरणागती आहे का?" डबीनं विचारलं.

"छे छे, मान आहे!" एउलोहिओ ढोलातून म्हणाला.

"नियम सांगा."

एउलोहिओनं सांगितले. त्याला कुणी नियम विचारत नाही, त्यामुळे तो फार खुशीत आला. यजमान जे वाढेल ते पाहुण्यानं खायचं, नाही म्हणायचं नाही. पिणं संपेपर्यंत उत्सव संपत नाही. मामिताची मूर्ती वर्षभर यजमानाच्या घरी राहते. गावातली भांडणं त्या वर्षी यजमानच सोडवतो.

"आणि पाहुणे बदल्यात काय देतात?" डबी आता ओरडत नव्हती.

"सावड!" एउलोहिओ म्हणाला. "आम्ही आयनी म्हणतो. ज्यानं तुमचं खाल्लं, तो तुम्ही हाक मारली की कामाला येतो. घर बांधायचं असो, बटाटे काढायचे असोत."

"आणि नाही आला तर?"

"तर मेला तो आमच्यासाठी."

डॉन नोवेनोनं हे डबीकडून दोनदा वदवून घेतलं. मग विचारलं, "हार उतरतो कधी?"

"पुढच्या उत्सवात कुणीतरी तुमच्याकडून आपल्या गळ्यात घेतला की. मग तुमचा हक्क संपला. हाकही तोच मारणार, नवा."

"आणि कुणीच घेतला नाही तर?"

"असं कधी झालेलं नाही, पण..." एउलोहिओनं डोकं खाजवलं. "तर मग तुम्हीच."

ती लांब मान हळूहळू सगळ्या अंगणावरून फिरली. एकेक चेहरा बघितला त्यानं.

"काय खेळ!" डबी हळूच म्हणाली. "काय सुंदर खेळ!"

संध्याकाळी जहाजं आली. आम्ही वाट बघत होतो की बिअर कधी संपते. बिअर संपली नाही. एक जहाज रिकामं झालं की दुसरं उतरायचं. सहा पायांचं एक जनावर अख्खं भाजून आलं, देवळापेक्षा लांब. त्याची चव कोंबडीसारखी होती, आणि ते संपेचना. बँड आणले ते तर पोतोसीचे, ओरुरोचे, आणि एक कुठल्यातरी ग्रहाचा, ज्यात वाजवणारे आणि वाद्यं वेगळी करता येत नव्हती. मी त्यातल्या एकाच्या डोक्यात फुंकलं. त्यानं माफी मागितली.

तीन दिवस झाले. उत्सव संपेना, कारण पिणं संपेना आणि नाही म्हणायचं नाही. डॉन मेलितोन टेबलाखाली लपला, तर डॉन नोवेनो तिन्ही गुडघे मोडून खाली वाकला आणि पेला पुढे केला. "आणि पास दिला!" डबी म्हणाली. मेलितोननं रडत रडत प्यायला. पाद्रीबाबा चष्म्यामुळे होळीलाच वेदी समजले आणि तिथे भुवया ठेवून आले. माझे ओठ सुजून तुब्याच्या तोंडात बसेनासे झाले. एउलोहिओ मात्र नाचत होता. "बुडतोय," तो ज्याच्या त्याच्या कानात ओरडायचा. "आतून बुडतोय तो! मला दिसतंय!"

शेवटी आतषबाजी. आमच्याकडे बांबूचा मनोरा करतात, त्याला फटाके लावतात. डॉन नोवेनोनं फक्त एक बोट वर केलं. आकाशात दक्षिणेला एक तारा होता. तो फुलला, हिरवा झाला, लाल झाला, आणि मग तिथे काही नव्हतं.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या आपोआप थांबल्या.

"तिथे कोण होतं?" कुणीतरी विचारलं.

"कुणी पाहुणे नव्हते," डबी म्हणाली.

त्यानंतरचं वर्ष आम्ही कमी बोलून काढलं. मामिता त्याच्या घरी होती. घर म्हणजे डोंगराच्या टोकावर उभं केलेलं काळं काहीतरी, खिडकी नसलेलं. गावातली भांडणं तिकडे जायची. किस्पे बंधूंचं पाण्याच्या पाटावरून वडिलांच्या वेळेपासून भांडण होतं. डॉन नोवेनोनं दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं. सकाळी एकच भाऊ होता. भांडण मिटलं. उरलेल्या भावाला आम्ही विचारलं, बाबा, तू कुठला, थोरला की धाकटा? तो म्हणाला, नीट आठवत नाही, पण पाणी भरपूर आहे. त्यानंतर गावात कुणीच भांडेना. नवराबायकोसुद्धा 'हो हो, तुझंच बरोबर' म्हणायचे आणि खिडकीतून डोंगराकडे बघायचे.

आणि रेडिओ. रेडिओवर रोज नवीन जगांची नावं यायची. काही जगं म्हणे साम्राज्याशी पिढ्यान्‌पिढ्या लढत होती. तोफांना हटली नव्हती, उपासमारीला हटली नव्हती. आता साम्राज्यानं तोफा नेणं बंद केलं होतं. जहाज उतरायचं, मेजवानी द्यायचं, गळ्यात हार घालून घ्यायचं, नियम विचारायचं. वर्षभरात साम्राज्य दुप्पट झालं. बातमीदार त्याला 'कोल्केपाम्पा पद्धत' म्हणत होता. डॉन नोवेनोला बढती मिळाली, नवव्या हातावरून तिसरा हात झाला. आम्ही त्याला नोवेनोच म्हणत राहिलो. तोंडात बसलं होतं.

एउलोहिओनं गावाच्या वेशीवर पाटी लावली: साम्राज्य इथे शिकलं.

साबिनानं ती पाटी उपटली आणि त्याच्याच पाठीत घातली.

"अगं, नाव झालं गावाचं!" तो ओरडला.

"नाव झालं! बाकी काय राहिलं?"

दुसऱ्या उत्सवाच्या आधी जहाज आलं. हे बिअरचं नव्हतं. ते डोंगरावर येऊन टांगून राहिलं, पोट उघडं ठेवून, आणि आत दिवे नव्हते. डॉन नोवेनो घरोघर गेला. फार अदबीनं. दारात वाकायचा, मान आत घालायचा.

"सावड," डबी म्हणायची. "उत्सव झाला की निघायचं. ज्यानं खाल्लं, तो येईल."

"कुठे?" मी विचारलं.

"काम आहे."

"परत कधी?"

"आणि प्रश्न बाहेर गेला," डबी म्हणाली. "थोडक्यात बाहेर गेला."

तो गेल्यावर मी बसून राहिलो. सगळ्या गावानं खाल्लं होतं. साबिना सोडून.

"मी घेणार हार," साबिना म्हणाली. "घेतला की त्याचा हक्क संपला. सावडीची हाक मारायची ती मी मारणार, आणि मी मारणार नाही. तुला बटाटे काढायला मारीन फक्त."

पण तिच्याआधी पुरुषांची बैठक झालीच, इलारियाच्या दुकानात. मी सांगतो त्यावर विश्वास बसणार नाही, पण ज्यांनी कोल्केपाम्पात एक उत्सव बघितलाय त्यांचा बसेल. एकही जण हार घ्यायला तयार नव्हता. मरणाची भीती नव्हती कुणाला. हसं होण्याची होती.

"त्या सहा पायांच्या जनावरानंतर मी काय वाढू?" मेलितोन म्हणाला. "सूप? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?" साबिना दारातून म्हणाली. "सगळे त्या जहाजात असणार आहेत!"

"तरीपण," लुपेर्सिओ म्हणाला. "जहाजात बोलतीलच ना."

"मी वाढीन सूप," साबिना म्हणाली. "एक लामा, एक मडकं चिचा, आणि हा फुग्या तुबा वाजवील. जो नाव ठेवील त्याला उपाशी ठेवीन. एउलोहिओ, तुला एकच काम देते. माझ्या लामाची दोरी धरायची. गप्प उभं राहायचं. जमेल?"

"साबिना, मी ह्या गावाचा प्रमुख आहे."

"म्हणून तर विचारलं."

लामाचं नाव कोंदेसा. पांढरी, तोऱ्याची, साबिनानं हातानं वाढवलेली. यजमान झाल्याबरोबर पहिला मान म्हणून तिला कापायचं होतं, आणि कापायच्या जनावराला आदल्या दिवशी खायला घालत नाहीत, पोट रिकामं लागतं. कोंदेसा दोन दिवस उपाशी होती, कारण साबिनाला कसर ठेवायची नव्हती. कानात लाल लोकरीच्या फिती, गळ्यात घंटा. रात्रभर ती गोठ्याच्या दाराची लाकडं चाटत होती.

उत्सवाच्या दिवशी अंगणात कुणी नाचलं नाही. सगळ्यांनी गरम कपडे घातले होते, बोचकी बांधली होती. जहाजाची सावली देवळावर पडली होती, आणि त्या सावलीत थंडी होती, खाणीत असते तशी. डॉन नोवेनो आला. गळ्यात पावाचा ताजा हार, पहाटे मंतरलेला. तो नियमाला चुकत नसे. त्यानं बोट वर केलं. दिवसाउजेडी आकाशात एक ठिणगी दिसली आणि विझली. मग दुसरी. मग बऱ्याच.

"हे कोण?" पाद्रीबाबांनी विचारलं. त्यांना तेवढं दिसलं होतं.

"हे सावडीला आले नाहीत," डबी म्हणाली. "मेले ते आमच्यासाठी." मग मोठ्यानं, सगळ्या अंगणाला, "हार! कोण घेतंय?"

मेलितोन आपल्या बुटांकडे बघत होता.

"मी," साबिना म्हणाली.

तिनं जांभळा घागरा घातला होता. पहिल्यांदाच. ती पुढे चालत गेली, मागून एउलोहिओ कोंदेसाची दोरी धरून, छाती काढून. डॉन नोवेनोनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, नाही म्हणेल. पण तो नियम पाळणारा होता. त्याचं सगळं साम्राज्य आता त्यावरच उभं होतं.

"आणि शेवटच्या मिनिटाला बदल," डबी म्हणाली. आवाज जरा बसल्यासारखा होता. "बदल मान्य."

हार बदलताना बँडनं सलामी द्यायची असते. मी तुबा उचलला. डॉन नोवेनो एकेक गुडघा मोडत वाकायला लागला. पहिला, दुसरा, तिसरा. मग ती मान खाली यायला लागली, लांबच्या लांब, हार पुढे लोंबत. साबिना ठेंगणी आहे. तिनं टाचा उंचावल्या, डोकं पुढे केलं. काही जण रडायला लागले. आपलं गाव सुटलं असं माझ्याही मनात आलं, आणि मी फुंकलं.

एउलोहिओला ते सहन झालं नाही. असा क्षण, सगळं गाव समोर, आणि भाषण नाही!

"बंधूंनो!" तो ओरडला आणि दोन्ही हात वर केले.

कोंदेसाची मान साबिनापेक्षा उंच होती. हार आधी तिच्यापाशी पोचला. पहिला पाव तिनं तोडून घेतला, बाकीचे दोरीसकट ओढून घेतले. साबिनानं तिच्या जबड्यात हात घातला. तिच्या हातात दोरीचा ओला तुकडा आला.

बराच वेळ फक्त चावण्याचा आवाज येत होता.

"दुसरे पाव भाजता येतील," साबिना म्हणाली. "भट्टी गरम आहे. आत्ता भाजते. निकानोर, पीठ आण!"

"पहाटे मंतरलेले," डबी म्हणाली. डॉन नोवेनो एकेक गुडघा सरळ करत पुन्हा उंच झाला. "हार नाही. बदल नाही." मग एउलोहिओकडे वळून, "नियम बरोबर आहे?"

एउलोहिओचे हात अजून वरच होते. "बरोबर आहे," तो म्हणाला.

बँडला आधी चढवलं. दारात माझा तुबा अडकला, म्हणून मी मागे वळून बघू शकलो. साबिना अंगणात उभी होती, जांभळ्या घागऱ्यात, हातात तो तुकडा. बाकी अंगण रिकामं होतं.

कोंदेसालाही वर घेतलं. तिनंही खाल्लं होतं.